चौथा झेंडा

जायचंच असेल तर जा बाबांनो, मी काही तुमचे पाय धरून बसणार नाही. पण कॅमेऱ्याची बॅटरी उद्या सकाळी बदललीत तर त्यातले ससे पळून जाणार नाहीत. आत्ता वाजलेत सव्वादहा. चार नंबरच्या तळ्यापर्यंत पाऊण तास, बॅटरी बदलायला तुमचा एक तास, कारण तुम्ही बॅटरी कमी बदलता आणि गप्पा जास्त मारता. मग तिथेच बसून पहाटेचे पक्षी मोजायचे म्हणताय. म्हणजे रात्री पावणेदोन-दोनला तुम्ही तिघं नेमके चार नंबरमध्ये असणार. म्हणून म्हणतोय, बसा. चहा ओतलाय. आणि ए, तो मोबाईल खाली ठेव. तोंडावर उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस.

तुम्ही मला या फाटकावरचा म्हातारा म्हणून ओळखता. त्याआधी एकतीस वर्षं मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. सही डॉक्टर करायचे, हात मी घालायचो. या कुरणावरची अर्धी गुरं माझ्या या हातांनी जगात ओढून काढलीत. तेव्हा मी घाबरट आहे की नाही ते गोष्ट संपल्यावर ठरवा. मी तर म्हणतो आहे.

तुम्हाला इथे गवत दिसतं. मला अजून खाण दिसते. आज जे मोठं तळं आहे ती खाण. सुरुंग लावायचा, खडक फोडायचा, डंपरमध्ये भरायचा. कामाचा माल गाडीनं बाहेर, बिनकामाची दगडमाती बाजूच्या ढिगाऱ्यावर. असे चार ढिगारे होते, तीन मजली इमारतीएवढे. खाण बंद झाल्यावर ते पसरवले, वर बाहेरून आणलेली माती टाकली, गवत पेरलं. एक नंबरचं कुरण म्हणजे पहिला ढिगारा, दोन म्हणजे दुसरा. चार नंबर म्हणजे चौथा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या खाणीत सुरुंगाचा बार उडवायचं काम माझ्या एका दोस्ताकडे होतं. आम्ही त्याला मोज्या म्हणायचो. जिना चढला की पायऱ्या मोजायचा, लग्नाला गेला की खुर्च्या मोजायचा. मी एकदा त्याला म्हटलं, बायको केलीस तर तिचे केस मोजत बसशील. तो म्हणाला, म्हणूनच नाही केली. पण असाच माणूस त्या कामाला लागतो. त्याच्या हाताखाली अठरा वर्षांत कुणाचं नखसुद्धा दुखावलं नव्हतं.

बार रोज दुपारी उडायचा, एक वाजून पन्नास मिनिटांनी. त्याआधी चार माणसं चार बाजूंनी निघायची. प्रत्येकाच्या हातात हातभर दांडीचा लाल झेंडा, दांडीवर पांढऱ्या रंगानं आकडा, तोंडात शिट्टी. जमिनीवर चुना लावलेल्या दगडांची एक रेघ होती. तिच्या आत कुणी राहायचं नाही. माणूस असो, बकरी असो, कुत्रं असो, हाकून बाहेर काढायचं. आपली बाजू मोकळी झाली की चढ चढून वर, मोज्या आडोशाला थांबायचा त्या लोखंडी शेल्टरपाशी यायचं आणि झेंडा मोज्याच्या हातात द्यायचा. एक, दोन, तीन, चार. चारही झेंडे हातात आल्याशिवाय तो बटणाला बोट लावायचा नाही. वरच्या साहेबानं आरडाओरडा केला तरी नाही.

चौथा झेंडा होता त्याच्या सख्ख्या भावाकडे. धाकट्याकडे. मोज्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आई लवकर गेलेली, मोज्यानंच त्याला वाढवलेलं. शाळेत सोडायचा, चपला शिवून आणायचा, सगळं. लग्नही त्यानंच लावून दिलं. एकच घर, मधे एक भिंत, अलीकडे मोज्या, पलीकडे धाकटा आणि त्याची बायको. त्यांच्याकडे एक गाय होती आणि तिची कान फाटलेली तपकिरी कालवड. ही कालवड भारी उनाड. दावं तोडायची आणि खाणीकडे पळायची.

त्या दिवशी सकाळी धाकट्यानं बसून आपल्या दांडीवरचा आकडा नव्यानं रंगवला. जुना उडाला होता म्हणून. दुपारी रेघेवरून फिरता फिरता त्याला आत, पार खाली, आपलीच कालवड दिसली. तीन नंबरचा झेंडेवाला तेवढ्यात चढाला लागला होता. धाकट्यानं त्याला हाक मारली, आपला झेंडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "हा घेऊन जा, मी आलोच."

आता यात नवल काहीच नव्हतं बरं का. उन्हात तो चढ कुणालाच नको असायचा. कधी हा त्याचा झेंडा न्यायचा, कधी तो याचा. सगळ्यांना माहीत होतं. मोज्याला माहीत नव्हतं, कारण तो घड्याळाकडे आणि हाताकडे बघायचा, तोंडाकडे नाही. त्यानं हात पुढे केला. एक आला. दोन आला. मग तीन आणि चार एकदम आले. त्यानं बटण दाबलं.

धूळ बसल्यावर त्यानं आपला तळहात पाहिला. पांढरा रंग लागला होता, चार नंबरच्या दांडीचा, अजून ओला असलेला. त्यानं मान वर केली आणि समोर उभी असलेली माणसं मोजली. तीन होती.

तीन दिवस शोधलं. काही म्हणजे काही मिळालं नाही. चौथ्या दिवशी वरून हुकूम आला की काम सुरू करा, आणि तो सगळा फुटलेला खडक डंपरमध्ये भरून चौथ्या ढिगाऱ्यावर ओतला गेला. आणि कालवड? ती त्याच संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. अंगावर ओरखडाही नव्हता.

मोज्या भावजयीला सांगायला गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर होतो. ती दारातच उभी होती. रडली नाही. तिनं एवढंच म्हटलं, "दादा, माणसं मोजायची होती."

बास. त्यानंतर ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. भिंतीपलीकडे राहायची, नळावर भेटायची, पण बोलायची नाही. भांडली असती तर बरं झालं असतं असं तो मला शंभरदा म्हणाला. आणि एक गोष्ट. तिनं रात्री दाराला आतून कडी लावणं बंद केलं. का, ते तुम्ही मला विचारू नका. ज्याचं काहीच हाती आलं नाही तो गेला असं तरी कसं म्हणायचं.

दोन वर्षांनी खाण बंद पडली. ज्याला जिथे काम मिळालं तो तिथे गेला. मोज्याला बाहेर दोन ठिकाणी बोलावणं होतं, तो गेला नाही. ढिगारे पसरवायचं काम निघालं त्यात तो लागला, आणि पुढे कुरण झाल्यावर राखण्या म्हणून राहिला. लोक म्हणायचे, मोज्याला गुरांचा लळा लागलाय. लळा कसला. चौथा ढिगारा पसरवत होते तेव्हा तो बुलडोझरच्या मागे चालायचा, वाकून, नऊ महिने. एक शिट्टी मिळाली तरी चालेल म्हणायचा. एक गुंडी मिळाली तरी. तिच्या दारात नेऊन ठेवीन म्हणायचा.

माझा इथे यायचा संबंध तेव्हापासूनचा. या जमिनीत तारांचे तुकडे फार. गाय गवताबरोबर तार गिळते आणि तार काळजापर्यंत जाते. म्हणून इथल्या प्रत्येक गाईच्या पोटात आम्ही एक लोहचुंबक सोडतो, बोटाएवढा. तारा त्याला चिकटून राहतात. एखादं जनावर मेलं आणि आम्ही ते फाडलं की मोज्या ताट घेऊन हजर. चुंबकाला काय काय चिकटलंय ते एकेक काढून बघायचा. खिळे, नट, चाव्या. एकदा पत्र्याची गुंडी निघाली. त्यानं ती महिनाभर रुमालात बांधून ठेवली आणि मग माझ्या हातून तिच्याकडे पाठवली. तिनं पाहिली, परत दिली आणि मला म्हणाली, त्यांच्या शर्टाला पांढऱ्या गुंड्या होत्या. मी परत येऊन सांगितलं. तो उठून गुरं मोजायला गेला.

ते शेल्टर सोडून खाणीवरचं सगळं सामान भंगारात गेलं तेव्हा त्यानं चौथा झेंडा मात्र मागून घेतला होता. त्याच दांडीनं तो गुरं वळवायचा. कापड दांडीभोवती गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. लाल कसलं, पार मातकट झालेलं. आकडा तर घासून घासून गेला होता, नुसतं लाकूड उरलं होतं.

कुरण मात्र चांगलं झालं हो. मी उगाच नाव ठेवणार नाही. तुम्हाला इथे पाठवतात त्या मॅडम आहेत ना, तुमच्या, त्यांनी हट्ट धरला की गुरं हवीत तशी रानातली जनावरंही हवीत. कुंपणाची खालची तार काढून टाकली, ससे आणि हरणाची पाडसं खालून जावीत म्हणून. तळ्याचा एक काठ उतरता केला. टिटव्या जमिनीवर अंडी घालतात म्हणून गवताचा एक पट्टा कापायचाच नाही, पिल्लं उडेपर्यंत. लोक हसले. खाणवाल्यांना पाखरांची चिंता लागली म्हणाले. पण दोन-तीन वर्षांत सगळं आलं. ससे आले, कोल्हे आले, हरणं आली. लोकांनी आपल्या गाई पाठवल्या. सगळा मिळून बासष्ट गुरांचा कळप. भावजयही आपली गाय पाठवायला लागली, त्या फाटक्या कानाच्या कालवडीची लेक. सकाळी फाटकाला आणून बांधायची आणि मोज्याकडे न बघता निघून जायची. तो आधी तीच गाय सोडायचा. चांगल्यातलं चांगलं गवत तिला.

मग मॅडमनी कॅमेरे लावले.

एक दिवस त्यांनी आम्हाला या खोलीत बोलावून फोटो दाखवले. चार नंबरचे, रात्रीचे. म्हणाल्या, एक गंमत बघा. एक चाळीसपर्यंत सगळं ठीक, कुठे गाय बसलीय, कुठे ससा चरतोय. एक चाळीसला सगळी उठतात आणि एका बाजूला चालायला लागतात. गाई, ससे, हरणं. कोल्हा सशाच्या शेजारून चाललाय, त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. एक पन्नासला चार नंबर रिकामा. दोन वाजता सगळी परत. एका रात्रीचं नाही, सगळ्या रात्रींचं. मॅडम म्हणाल्या, काहीतरी सवय असेल. मी म्हटलं, असेल. यातलं एकही जनावर खाण चालू असताना जन्मलेलं नव्हतं, हे मी बोललो नाही.

मोज्या बाहेर गेला. मी मागे गेलो. तो फाटकाला धरून उभा होता. म्हणाला, "जिथे जाऊन उभी राहतात ना, तिथे चुन्याच्या दगडांची रेघ होती."

मी म्हटलं, अरे बार दुपारी उडायचा, ही रात्र आहे. तो म्हणाला, खडकाच्या खाली दिवस काय आणि रात्र काय. आणि मग म्हणाला, तो अजून कामावरच आहे रे. त्यानं झेंडा स्वतः आणून दिलेला नाही, मग त्याची सुट्टी कशी होणार?

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच. झेंडा धाकट्याच्या हातात द्यायचा. तो धाकट्यानं आपल्या हातानं परत आणून द्यायचा. म्हणजे तो सुटेल. म्हणजे भावजयीला काहीतरी सांगता येईल. मी त्याला समजावलं, चिडलो, डॉक्टरकडे चल म्हटलं. तो नुसता हो हो म्हणायचा.

आता त्या रात्रीचं. चार वर्षं झाली. सतरा नोव्हेंबर, शुक्रवार. चंद्र लवकर मावळला होता, थंडी बरी होती, वारा नव्हता. संध्याकाळच्या मोजणीत एकसष्टच गुरं भरली. नव्हती ती भावजयीची गाय. दिवस भरलेली होती. व्यायला आली की गाय एकटी होते, आडोसा धरते, हे तुम्हाला माहीत असेल, नसेल तर आता झालं. मोज्यानं मला फोन केला, मी बॅग घेऊन आलो. इथे फाटकाशी भावजय उभी होती. मोज्या तिच्यापासून दोन हातांवर. तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "त्यांना सांगा, मला दुसरं काही नाहीये. ती गाय तेवढी आणा."

मी त्याच्याकडे वळून तेच सांगितलं. तो म्हणाला, तिला सांग, आणतो. मी तिला सांगितलं. काय दिवस होते ते.

बॅटरी घेऊन आम्ही निघालो. त्या आठवड्यात कळप चार नंबरमध्ये होता. वाटेत तो मला म्हणाला, आज गाय-वासरू घेऊन तिच्या दारात गेलो तर बोलेल का रे ती? एकदा नुसतं दादा म्हणाली तरी पुरे. मी म्हटलं, बोलेल की, न बोलायला काय झालं. खोटं बोललो. मला काहीच वाटत नव्हतं तसं.

एक नंबर पाहिला. दोन पाहिला. तीनमधे तासभर घालवला. शेवटी चार नंबरच्या त्या न कापलेल्या पट्ट्यात ती सापडली. आडवी पडली होती, डोळे पांढरे झालेले. साडेबारा वाजले होते. मी हात घातला. वासराचं डोकं पुढे आलेलं, पण एक पाय मागे दुमडलेला. असं असलं की वासरू बाहेर येत नाही. वेळ गेला की दोन्ही जातात.

शर्ट काढून मी गवतात पालथा पडलो. खांद्यापर्यंत हात आत. पाय सापडायचा आणि निसटायचा. गाईनं कळ दिली की माझा हात सुन्न व्हायचा. मोज्या बॅटरी धरून गुडघ्यावर. किती वेळ गेला कळलं नाही.

मग कळप उठला.

आवाज नाही केला कुणी. हंबरणं नाही, काही नाही. सगळी उभी राहिली आणि चालायला लागली. आमच्या दोन्ही बाजूंनी. एक गाय माझ्या पायावरून उडी मारून गेली. मग छोटे छोटे आवाज गवतातून. ससे. मग टिटव्या उडाल्या... आणि टिटवी उडताना ओरडते ना? एकही ओरडली नाही.

आमची गाय उठायला धडपडली. तिला उठता येईना. तिनं मान जमिनीवर टाकली. तिच्या अंगाला थरथर सुटली.

मग शांत झालं.

मी घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

पाठीमागून धाप ऐकू आली. चढ चढून आलेल्या माणसाची. थांबली. माझ्या टाचांपासून चार हातांवर असेल. मी वळलो नाही. माझा हात आत होता, आणि तो नसता तरी मी वळलो नसतो. पाचावर धारण बसली होती माझी.

मोज्यानं बॅटरी खाली गवतात ठेवली. सावकाश उभा राहिला. सुतळी सोडल्याचा आवाज आला.

"तुझा झेंडा आणलाय," तो म्हणाला. "घे. तू स्वतः आणून दे मला."

...

"घे ना रे."

...

"का?"

...

मग मोज्या अगदी हळू म्हणाला, "आम्ही आत आहोत म्हणून?"

धाप परत सुरू झाली. घाईची.

मोज्या माझ्याशेजारी बसला. माझ्या कानाशी. "ऊठ. आत माणूस असताना तो झेंडा घेणार नाही. तुझं किती राहिलंय?"

मी म्हटलं, पाय सरळ झालाय, आता नुसतं ओढायचं. तिच्या कळेबरोबर.

"ते मला येतं. तू जा. शेल्टरपाशी उभा राहा."

मी म्हटलं, दोघं जाऊ. गाय राहू दे.

तो म्हणाला, "तिनं सांगितलंय, गाय आणा. तू हो पुढे. मी आलोच."

मी गेलो.

गेलो कसला, पळालो. उघड्या अंगानं, बॅग तिथेच टाकून. मी तुमच्यापासून लपवत नाही. तीनशे पावलं असतील. हे शब्द मी आधी ऐकलेत, हे मला पळताना आठवलं नाही. शेल्टरच्या पत्र्याला पाठ टेकली, श्वास घेतला... तेव्हा आठवलं.

हाक मारायला तोंड उघडलं.

काळोख. खाली गवतात बॅटरीचा ठिपका तेवढा.

मग धाप. चढावरून वर येणारी. जवळ. आणखी जवळ. माझ्या अगदी पुढ्यात.

माझा हात आपोआप पुढे झाला. तळहातावर दांडी ठेवली कुणीतरी. माझी बोटं तिच्यावर मिटली.

मी म्हटलं, "आलास? झालं वासरू?"

...

"मोज्या?"

आणि दणका बसला. आवाज नाही. अजिबात आवाज नाही. नुसता छातीत. पाठीमागचा पत्रा थरथरला आणि त्याचा गंज माझ्या खांद्यावर पडला.

मग खालून एक बारीक हंबरडा आला. वासराचा.

मी खाली आलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. गाय उभी होती. वासराला चाटत होती, तेही उभं राहायला बघत होतं. बॅटरी जिथे ठेवली होती तिथेच, जळत. कळप परत येऊन बसत होता. मोज्या नव्हता. मी हाका मारल्या, पट्टा पिंजून काढला. जमीन कुठे खचली नव्हती, चीर नव्हती, साधं ढेकूळ हललं नव्हतं. सकाळी माणसं आली, कुत्रं आणलं, तळ्यात गळ टाकले. पुढचे दहा दिवस. काही मिळालं नाही. धाकट्याचं मिळालं नव्हतं तसंच.

पण ती सकाळ मला सांगायचीय. उजाडताना मी वासरू खांद्यावर घेऊन फाटकाशी आलो, गाय मागे मागे. भावजय तिथेच होती. रात्रभर गेली नव्हती. तिनं गाईकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं. मग ती माझ्या मागच्या वाटेकडे बघत राहिली. बराच वेळ. आणि म्हणाली, "दादा कुठे आहेत?"

अकरा वर्षांनी. आणि ऐकायला तो नव्हता. मी तिथे फाटकात बसून रडलो, त्या ओल्या वासराला धरून. लाज कसली त्यात.

ती अजून तिथेच राहते. दाराला कडी अजून नसते. आता दोघांसाठी. तिनं पुन्हा गाय इकडे पाठवली नाही, आणि चार नंबरमध्ये पुन्हा कुणीच गुरं सोडली नाहीत. मॅडमनी तो सगळा तुकडा रानजनावरांना सोडून दिला. म्हणूनच तर तुम्हाला तिथे एवढी पाखरं सापडतात. त्यांच्या अहवालात लिहिलंय म्हणे, चार नंबर सगळ्यात उत्तम. असेलही. फक्त तुमचे एक चाळीसचे फोटो नीट बघा. आधी जनावरं एका बाजूनं हाकल्यासारखी जायची. आता दोन बाजूंनी हाकल्यासारखी येतात आणि मधून बाहेर पडतात.

माझा मुलगा दर महिन्याला फोन करतो, म्हणतो बाबा, ही नोकरी सोडा, इकडे या राहायला. मला जायचंय रे. शप्पथ, फार जायचंय. पण झेंडा माझ्या हातात दिलाय आणि दोन माणसं आत आहेत. मी कसा जाऊ?

तो बघा, दाराच्या मागच्या कोपऱ्यात. तोच. नाही, दुसरा असेल असं मलाही वाटलं होतं, पण दांडीच्या टोकाशी मोज्याच्या दातांच्या खुणा आहेत, सुतळीची गाठ दातांनी सोडायचा तो. कापड पुन्हा लाल झालंय ते सोड, ते मी धुतलं म्हणशील. दांडी बघ. मी सांगितलं ना, आकडा उडून गेला होता, नुसतं लाकूड होतं. त्या सकाळी फाटकात मी माझा तळहात पाहिला तर पांढरा झाला होता.

चार वर्षं मी तो या कोपऱ्यात ठेवलाय. उन्हाळ्यात इथे पत्र्याखाली भाजून निघतं.

ये, तू ये पुढे. घाबरू नकोस. त्या आकड्यावर बोट ठेव.

ओला आहे ना?

राहू दे, पुसू नकोस. ते निघत नाही लवकर.